मावळचे डोंगर आणि बुंदाचे मळे

पुण्याहून किंवा मुंबईहून सकाळीं निघावें, लोणावळ्याच्या आसपासचे डोंगर पाहावे आणि दिवेलागणीच्या सुमारास घरीं परतावें, ही एका दिवसाची फेरी आतां इतकी रूढ झाली आहे कीं, तिजविषयीं ह्या पृष्ठांत कांहीं लिहावें असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं. परंतु अशा फेरीस आमच्याबरोबर येणारी तरुण मंडळी एक प्रश्न वारंवार विचारतात, आणि त्याचें उत्तर आमच्या मतें संशोधकांच्या प्रांतांतलें आहे. प्रश्न असा: कोडगु व चिकमगळूर येथील डोंगर ह्याच सह्याद्रीचे, तेथें कॉफीचे मळे पाहावयास लोक शेंकडों कोस जातात, मग मावळच्या डोंगरांत तसे मळे कां नाहींत? इंग्रज येथें उशिरा आले म्हणून तें राहून गेलें काय?

ह्या शेवटच्या वाक्यांत खरी मेख आहे. डोंगर मोकळे पडले होते, कोणी साहेब आला, त्यानें ते 'शोधून काढले' आणि मग त्यांचा उपयोग सुरू झाला, अशी एक समजूत त्या वाक्याच्या पोटांत आहे. मळ्यांचा प्रश्न तिच्यावांचून सुटणार नाहीं, म्हणून प्रथम तिचाच समाचार घेतों.

प्रवाशांकरितां छापलेल्या बहुतेक माहितीपत्रकांत लोणावळें व खंडाळें हीं ठिकाणें मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांनीं १८७१ सालीं शोधून काढलीं असें विधान असतें. एकानें लिहिलें तें दुसऱ्यानें उतरलें, आणि आतां तें सर्वतोमुखीं झालें आहे. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते ते १८१९ पासून १८२७ पर्यंत, आणि वारले १८५९ सालीं. त्याच घराण्यांतील लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन हे १८५३ पासून १८६० पर्यंत गव्हर्नर होते. तेहि १८६० सालींच निवर्तले. १८७१ सालीं गव्हर्नरीवर सर सेमूर फिट्झजेरल्ड होते. म्हणजे शोध लावणारा गृहस्थ, कोणता एल्फिन्स्टन घेतला तरी, शोधाच्या सालापूर्वीं निदान अकरा वर्षें परलोकवासी झालेला! शिवाय बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता माल्कम गव्हर्नरानें १८३० च्या नोव्हेंबरांत खुला केला, आणि घाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली. जें गांव आठ वर्षें रेल्वेच्या वाटेवर होतें, तें पुन्हां शोधावयाचें कसें? त्याहून मागें जावयाचें तर इंग्रजांची फौज हाच घाट चढून वर आली, १७७९ च्या जानेवारींत कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट उर्फ इष्टुर फांकडा गोळा लागून पडला, आणि पुढें वडगांवास त्यांना तह लिहून द्यावा लागला. हा सर्व मुलूख त्यांनीं त्या वेळीं चांगला पाहिला होता. कदाचित् हवा होता त्याहून अधिक पाहिला होता.

पण हा वाद इंग्रजी अंमलापुरताच ठेवणें हेंहि अपुरें आहे. मावळाची नोंद कोणाच्या दप्तरांत प्रथम झाली हें पाहावयाचें असेल तर फेरीचा पहिला मुक्काम वेहेरगांवीं करावा. गांवाच्या नांवांतच विहार शब्द घर करून बसला आहे. वर एकवीरेच्या देवळामागें कार्ल्याचें चैत्यगृह आहे. लोक त्याची कमान व लांकडी फांसळ्या पाहून परततात. आमची विनंति अशी कीं, दाराजवळच्या अक्षरांसमोर घटकाभर उभें राहावें.

त्यांतील एका लेखांत क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जांवई उषवदात ह्यानें वलूरक लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहाकरितां करजिक नांवाचें गांव दिल्याचें नमूद आहे. पुढें सातवाहनांनीं क्षहरातांचा पाडाव केल्यावर तेंच गांव, करजक ह्या नांवानें, त्याच लेण्यांतील महासांघिक भिक्षूंस लावून दिल्याचा राजाज्ञेचा लेख आहे. ती आज्ञा मामल येथील अमात्यास उद्देशून असून गांव 'मामालाहार' ह्या विभागांत उत्तरमार्गावर आहे असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. आहार म्हणजे जिल्ह्यासारखा राज्यकारभाराचा विभाग. ह्याचा अर्थ इतकाच कीं, आजपासून सुमारें अठरा-एकोणीस शतकांपूर्वीं मावळ हा आंखलेला, अधिकारी नेमलेला, रस्त्याच्या खुणेनें गांव दाखवितां येण्याजोगा प्रांत होता. कामशेताजवळचें करंजगांव तेंच हें करजक असावें असें आम्हांस वाटतें.

मामल म्हणजेच मावळ ही ओळख विद्वानांनीं पूर्वींच करून दिलेली आहे. तरी सूर्य मावळतो त्या बाजूचा प्रदेश म्हणून मावळ, ही व्युत्पत्ति अद्याप शाळांतून सांगितली जाते. आम्हींहि अनेक वर्षें वर्ग चालविले असल्यानें ती किती गोड लागते हें जाणतों. पण दोन स्वरांमधील मकाराचा मराठींत वकार होतो: ग्राम, गांव, नाम, नांव. आणि तशाच स्थितींतील एकेरी लकाराचा ळकार होतो: फल, फळ, जल, जळ. ह्या दोन नियमांनीं मामल शब्दाचा मावळ आपोआप होतो, आणि त्याच्या पाठीशीं शिलेवर कोरलेला पुरावा आहे. मावळतीच्या पक्षास कानाच्या गोडीपलीकडे पुरावा नाहीं. लोणावळें हें नांव लेणावलि शब्दापासून आलें असें म्हणतात. जुन्या इंग्रजी कागदांत लानौली असें लिहिलेलें आढळतें, त्यामुळें तें अशक्य वाटत नाहीं, परंतु त्याचा आग्रह धरण्याइतकें बळ त्यांत नाहीं.

आतां ह्या दानलेखांतला दुसरा विषय, जो आमच्या प्रश्नास अधिक जवळचा आहे. जमीन कोणत्या शर्तीनें दिली? आज्ञालेखांत तिला 'भिखुहल' म्हटलें आहे, म्हणजे भिक्षूंचें नांगरट शेत. आणि तीस सवलती दिल्या आहेत: राजपुरुषांनीं आंत शिरूं नये, तीस हात लावूं नये, मिठाकरितां खणूं नये, प्रांताच्या अंमलदारांनीं ढवळाढवळ करूं नये. मावळच्या डोंगरांत मीठ कोठून खणणार? पण लेखकानें मजकूर ठराविक सांच्यांतून काढला आहे; हींच पदें नाशिकच्या लेखांतहि आहेत. जुनीं इनामपत्रें हाताळणाऱ्या वाचकांस ह्याचें नवल वाटावयाचें नाहीं. 'कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप' हा मजकूर जेथें निधीहि नाहीं आणि निक्षेपहि नाहीं अशा माळरानाच्या सनदेंतहि आपण शंभरदां वाचला आहे. कार्ल्याच्याच तिसऱ्या एका लेखांत, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षीं, महारठी सोमदेवानें दिलेलें गांव 'सकरुकर सदेयमेय' म्हणून दिलें आहे. तो कुलबाब कुलकानूचाच पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. राज्यें बदललीं, लिपि बदलली, धर्मसंस्था बदलल्या; पण डोंगराच्या पायथ्याची जमीन, तींतले पाणी, झाड, गवत आणि दगड हें सर्व कोणाचें तरी आहे हा समज अखंड राहिला.

ह्याच उषवदाताच्या नाशिक येथील लेखांत बागाइताचा उल्लेख आहे, आणि तो फार बोलका आहे. एका ठिकाणीं नानंगोल गांवीं ३२,००० नारळींच्या दानाचा, आणि दुसऱ्या लेखांत कापूराहारांतील चिखलपद्र गांवीं ८,००० नारळींच्या दानाचा निर्देश आहे. एकच दाता, सखल किनारपट्टीच्या बाजूस तो झाडें मोजून देतो, आणि मावळांत येतो तेव्हां नांगराचें गांव देतो. कोणत्या मातींत काय पिकतें हें त्यास कोणा मळेवाल्याकडून शिकावयाचें नव्हतें. (चिखलपद्र हें नांव पाहून कोणी वऱ्हाडांतील चिखलदऱ्याकडे धांव घेऊं नये. कापूराहार दक्षिण गुजराथेकडचा, आणि नारळ मेळघाटांत होत नाहीं.)

म्हणजे मावळ रिकामें नव्हतें. मग बुंद येथें कसा आला, आणि रुजला कां नाहीं?

बुंद हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरीत आहों. कॉफी हें नांव इंग्रजांबरोबर आलें; त्यापूर्वींचा मराठी शब्द बुंद हा आहे. एकोणिसाव्या शतकांतील औषधी वनस्पतींच्या याद्यांत तोच मराठी नांव म्हणून दिलेला आढळतो. त्याचें मूळ अरबी बुन्न, म्हणजे त्या झाडाचें बीं. पेयास अरबी शब्द कहवा. त्याचेंच आपल्याकडे कावा झालें. तुर्कांच्या मुखांतून युरोपांत जाऊन कॉफी हें रूप घेणारा शब्दहि हाच कहवा. म्हणजे लोणावळ्याच्या खानावळींत पाटीवर लिहिलेली कॉफी आणि जुन्या कागदांतला कावा हीं एकाच घरचीं दोन भावंडें, निरनिराळ्या वाटांनीं आलेलीं. अमरकोशांत अर्थातच ह्या वस्तूस शब्द नाहीं. बियास अरबी नांव, पेयास अरबी नांव आणि झाडास स्वतंत्र देशी नांव मुळींच नाहीं, ह्यावरून बुंद आपल्याकडे प्रथम व्यापाराचा माल म्हणून समुद्रावाटे आला, लागवडीचें झाड म्हणून नव्हे, असें अनुमान आम्ही करितों.

इतिहासाची साक्षहि ह्या अनुमानास अनुकूल आहे. टॉमस रो ह्याच्या वकिलातीबरोबर १६१६ सालीं आलेला पाद्री एडवर्ड टेरी ह्यानें, धर्मनियमानें मद्य न पिणारे लोक काळ्या बियांचा काढा करून पितात असें आपल्या वृत्तान्तांत नमूद केलें आहे. त्या काळीं बुंदाचें मोठें बंदर म्हणजे तांबड्या समुद्रावरचें मोखा, आणि मोख्याशीं सुरतेचा व कोंकणच्या बंदरांचा व्यापार नित्याचा होता. शिवाजीमहाराजांच्या बंदरांतून इराण, बसरा व मोखा येथें दरसाल तारवें जातात, असें १६६५ सालीं इंग्रज वखारवाल्यांनीं आपल्या पत्रांत लिहिलें आहे. जाणारें तारूं रिकामें परतत नाहीं. बाबा बुडन नांवाच्या फकिरानें मक्केच्या यात्रेहून परततांना सात दाणे लपवून आणले व चंद्रद्रोण पर्वतावर पेरले, ही चिकमगळूरकडील परंपरा प्रसिद्ध आहे, आणि ती सतराव्या शतकांतली मानतात. दाण्यांची संख्या आम्हीं परंपरेच्या पदरीं टाकतों. पण भाजलेलें किंवा उकडलेलेंच बीं बाहेर जाऊं द्यावयाचें ही अरबांची दक्षता लक्षांत घेतली म्हणजे कथेंतील लपवालपवी अगदींच निराधार वाटत नाहीं.

येथें हस्तलिखित-संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत आणि अनुस्वार पुष्कळदां गाळतात. त्यामुळें जिनसांच्या यादींत बुंद हा शब्द 'बुद' असा उतरला, तर वाचणारा त्यास बुधवार समजून पुढें जाण्याचा संभव आहे. त्याच्या उलट फराळाच्या यादींतील बुंदी पाहून उत्साही संशोधकानें पेशवाईंतील कॉफीपानावर लेख लिहिण्याचाहि संभव आहे. कावा शब्दाची गोष्ट तर अधिक नाजूक. घोडा वर्तुळांत फिरविणें हाहि कावा, गनिमी कावा तर सर्वांच्या परिचयाचा. तेव्हां शब्द एकटा न घेतां त्याच्या शेजारीं काय आहे तें पाहावें: मागेंपुढें वेलदोडे, केशर, जायपत्री, खडीसाखर असेल आणि वजन शेर-नवटांकांत दिलें असेल, तर वस्तु बुंदाची, बारगीर आणि शिलेदार असतील तर नव्हे.

आतां झाडाकडे वळूं. आपल्या महाराष्ट्रांत कॉफीचे मळे म्हणून नांव घेण्याजोगें ठिकाण एकच, तें अमरावती जिल्ह्यांतील चिखलदरा. परतवाड्याहून सकाळीं निघून तेथील मळे व गाविलगड दोन्ही एका दिवसांत पाहून होतात, आणि पुराणवस्तूंच्या भक्तानें ती फेरी अवश्य करावी. १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीनें जेथून किल्ला घेतला तीं भगदाडें आणि कॉफीचीं झुडपें हीं एकाच दिवसाच्या वाटचालींत येतात. मळा पाहण्याची अपेक्षा ठेवून जाणारा प्रथम थोडा फसतो, कारण दुरून दिसतें तें केवळ रान. कॉफीचें झुडूप उंच झाडांच्या सावलींत वाढवितात. पुरुषाच्या हातास फळ लागावें इतकेंच छाटून ठेवितात. पान गर्द हिरवें व तुकतुकीत. उन्हाळ्याच्या तोंडीं एक सर पडली कीं आठदहा दिवसांत जाईसारखीं पांढरीं, सुवासिक फुलें फांदीला चिकटून येतात आणि दोनतीन दिवसांत कोमेजतात. त्यानंतर फळ पिकून लाल व्हावयास आठनऊ महिने लागतात. म्हणून तोडणी हिवाळ्यांत. एका फळांत दोन दाणे, सपाट बाजू एकमेकांस लावून बसलेले. फळें वाळविण्याची रीत मात्र आपल्या ओळखीची: सारवलेलें खळें, वर पसरलेला माल, आणि तो पायांनीं किंवा दांताळ्यानें वारंवार फिरविणारीं माणसें.

चिखलदरा सुमारें ३,६०० फूट उंच, लोणावळें सुमारें २,००० फूट. अरबी जातीच्या कॉफीस साधारण ३,००० फुटांच्या वरची थंड हवा मानवते. लोणावळ्याच्या परिसरांत तेवढी उंची नाहीं असें नव्हे. लोहगड व विसापूर दोन्ही ३,३०० फुटांच्या वर आहेत. पण जेथें उंची आहे तेथें माती नाहीं, उघडा काळा फत्तर आहे, आणि आषाढांतला वारा तेथें माणसासहि उभें राहूं देत नाहीं. दुसरें कारण पावसाचें. लोणावळ्यास वर्षास दीडशें इंचांच्या वर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत. पुढें सातआठ महिने डोंगर तापत राहतो. कॉफीस ६० पासून १०० इंचांपर्यंतचा, जरा पसरून पडणारा पाऊस हवा, आणि मुख्य म्हणजे फाल्गुन-चैत्रांत फुलोरा आणणारी ती एक सर हवी. कोडगु-चिकमगळूरच्या डोंगरांत ती येते. मावळांत त्या दिवसांत आकाश कोरडें असतें. तेव्हां इंग्रज उशिरा आले म्हणून मळे राहून गेले, ह्या कल्पनेस निसर्गाचाच आधार नाहीं.

निसर्गाच्या जोडीला आम्ही दुसरेंहि एक कारण मानतों. म्हैसूर, कोडगु व नीलगिरी येथें एकोणिसाव्या शतकांत मळे झाले ते रानाच्या जमिनी मळेवाल्यांस लावून दिल्या म्हणून. १८६९ सालीं सिंहलद्वीपांत पानांवरचा तांबेरा पडला, तो पुढें आपल्याकडेहि आला, आणि त्यानें अनेक मळेवाले बुडविले. तरी जमिनी मळ्यांकडेच राहिल्या. मावळांत अशी 'रिकामी' जमीन काढावयाची तर देशमुखाचें वतन, देवस्थानाचें इनाम, गांवाचें गायरान आणि ठाकर-कोळ्यांचा रानावरचा वहिवाटीचा हक्क ह्यांतून वाट काढावी लागली असती. तरु, तृण व काष्ठ येथें सनदेंत मोजलेलें होतें. रानावर सरकारनें १८७८ च्या कायद्यानें हात ठेविला खरा, पण खालचीं आंबेमोहोराचीं खाचरें मावळकराच्याच हातीं राहिलीं.

तीं गेलीं तीं मळ्यांकरितां नव्हे, पाण्याकरितां गेलीं. टाटांच्या कंपनीनें वळवण, लोणावळें व शिरवटें येथें तलाव बांधून घाटाखालीं खोपोलीस १९१५ सालीं वीज काढली. शेजारच्या पौड खोऱ्यांत मुळशीस तसाच तलाव होऊं लागला, तेव्हां १९२१ च्या एप्रिलांत सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे ह्यांचीं नांवें त्या लढ्याशीं कायमचीं जोडलेलीं आहेत. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालेंच, आणि भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. आज पावसाळ्यांत सहलीस येणारे लोक तलावाकांठीं उभे राहून शोभा पाहतात. त्या पाण्याखालीं ज्यांचीं शेतें होतीं त्यांचे कागद कोठें आहेत, हा प्रश्न आमच्या मनांत तेथें प्रत्येक वेळीं येतो. गांव उठला म्हणजे घराबरोबर रुमालहि उठतो. एक भाऊ मुंबईस, दुसरा वरच्या वाडीस, आणि दप्तर माळ्यावरच्या पेटींत किंवा चुलींत.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे. मावळांतील देशमुख, देशपांडे, कुलकर्णी किंवा व्यापारी घराण्यांचे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील, विशेषतः तलावांमुळें उठलेल्या गांवांचे, त्यांनीं त्यांतील जिनसांच्या याद्या, जकातीचे तक्ते व घरखर्चाचीं टिपणें पुन्हां एकदां चाळावीं. बुंद, बुंददाणे, कहवा, कावा ह्यांपैकीं कोणतेंहि रूप आढळल्यास तें जसें लिहिलें असेल तसेंच, एक अक्षरहि न सुधारतां उतरून घ्यावें. सोबत मिति, गांव, वजन, दर आणि मागच्या-पुढच्या निदान दोन दोन ओळी द्याव्या. शब्द संशयित वाटला तरी गाळूं नये. खोपोली, पनवेल किंवा कल्याण येथील जकातीचा कागद असेल तर तो सर्वांत आधीं कळवावा. कारण बोरघाटानें वर चढलेला पहिला दाणा सांपडला तर तो बहुधा तेथल्याच नोंदींत सांपडेल.